मगनवाडींतील उद्योगबंधु

‘एकटा जीव सदाशिव’ ही म्हण बैराग्याला शोभते. नवा धंदा काढणाऱ्या माणसाला ती महागांत पडते. भांडवल कमी पडलें तर तें उसनें मिळतें, जागा नसली तर ती भाड्यानें मिळते. परंतु आपल्यासारख्याच कामांत बुडालेला, आपल्यासारख्याच अडचणी सोसलेला आणि आपला माल हातांत घेऊन त्यांतील खोट बिनदिक्कत सांगणारा सोबती बाजारांत विकत मिळत नाहीं. घरचीं माणसें माया करतात, पण त्यांना घाण्याची लाट किंवा कागदाचा लगदा कळत नाहीं. गिऱ्हाइकाला माल कळतो, पण तो घडविणाराचे हाल कळत नाहींत. सावकाराला व्याज तेवढें कळतें. अशा स्थितींत नव्या कल्पनेचा कारागीर दोन-तीन वर्षें धडपडतो आणि मग मुकाट्यानें कोठेंतरी नोकरी धरतो. ही सोबत मुद्दाम निर्माण करतां येते कीं काय, आणि आली तर तिचा उपयोग किती व तिच्या मर्यादा कोणत्या, याचा एक मोठा प्रयोग वर्धा येथें १९३४ सालीं सुरू झाला व सुमारें दीड तप जोमानें चालला. त्या प्रयोगाचें ठिकाण म्हणजे मगनवाडी.

समव्यवसायींच्या संगतीची कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेख वाचले म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत कारागिरांच्या श्रेणी किती भरभक्कम होत्या हें दिसून येतें. क्षहरात राजा नहपान याचा जांवई उषवदात यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. एकीकडे २,००० दरमहा शेंकडा एक या दरानें, आणि दुसरीकडे १,००० शेंकडा पाऊण या दरानें. त्या व्याजांतून लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांचा व किरकोळ गरजांचा खर्च भागावयाचा होता. तेथील दुसऱ्या एका लेखांत तेल्यांच्या व कुंभारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत बांबूचें काम करणारे, कासार आणि धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणी आढळतात. राजाचा जांवई आपली ठेव विणकरांच्या हवालीं करतो, याचा अर्थ उघड आहे. एकटा विणकर उद्यां मरेल, परगांवीं जाईल किंवा बुडेल. परंतु विणकरांची श्रेणी बुडणार नाहीं, असा लोकांचा भरंवसा होता. ती पत संगतीची होती.

पुढें गांवगाड्याची घडी बसली आणि कारागीर बलुतेदार झाला. बलुत्याची रीत गरिबाला आधार देणारी होती. वर्षाचें धान्य ठरलेलें, गिऱ्हाईक ठरलेलें, काम ठरलेलें. परंतु लहानशा गांवांत लोहाराचें एक घर, सुताराचें एक घर, कुंभाराचें एक घर. आपल्या कामाची पारख करणारा दुसरा जाणता शेजारीं नाहीं. जातीची पंचाईत असे, पण तिच्यापुढें सोयरीक, दंड आणि रोटीव्यवहार हेच प्रश्न मुख्यतः येत; भात्याचा वारा कसा वाढवावा किंवा लाटेचा कल कसा बदलावा हा प्रश्न तेथें क्वचितच निघे. हातची विद्या बापाकडून मुलाकडे जाई आणि घराच्या उंबऱ्याशीं थांबे. जोंवर बाहेरचा कोणी स्पर्धेला उभा नव्हता तोंवर हें चाललें. गिरणीचें सूत, यंत्राचा कागद आणि डब्यांतील रॉकेल खेडोपाडीं पोंचल्यावर मात्र प्रत्येक कारागीर आपापल्या घरीं एकएकटाच हरला.

वर्धा जिल्ह्यांत ही हार स्पष्ट दिसत होती. नागपूरपासून वेगळा काढून १८६२ सालीं हा जिल्हा करण्यांत आला, आणि १८६६ सालीं पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं वर्धा शहराची आंखणी झाली. आगगाडी आली. हिंगणघाटचा कापूस दूरदूरच्या व्यापाऱ्यांत नांवाजला गेला. सरकी काढण्याचे व गांठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. हिंगणघाट आणि पुलगांव येथें कापडाच्या गिरण्या निघाल्या. जिल्ह्यांत पैसा खेळूं लागला, पण तो कापसाच्या खरेदी-विक्रींत खेळला. ज्या खेड्यांतून कापसाच्या गाड्या भरून जात, त्याच खेड्यांतला शेतकरी बाजाराच्या दिवशीं अंगावरचें कापड विकत आणी. कापूस पिकविणारा, सूत कातणारा आणि कापड विणणारा हे तिघे पूर्वीं एकमेकांचे शेजारी होते; आतां त्यांची गांठ पडण्याचें कांहीं कारण उरलें नव्हतें.

१९३४ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनांत ग्रामोद्योगांसाठीं स्वतंत्र संघ काढण्याचा ठराव झाला आणि त्याच वर्षीं १४ डिसेंबर रोजीं वर्धा येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. वर्ध्याचे व्यापारी जमनालाल बजाज यांनीं आपली बाग व बंगला संघाला देऊन टाकला. साबरमती आश्रमाचे व्यवस्थापक आणि खादीविद्येचे आद्य अभ्यासक मगनलाल गांधी हे १९२८ सालीं पाटण्यास वारले होते. त्यांच्या स्मरणार्थ या जागेला मगनवाडी हें नांव मिळालें. संघाचे अध्यक्ष वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू झाले आणि चिटणीस व संघटक म्हणून जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांची योजना झाली. सल्लागारांच्या यादींत रवींद्रनाथ ठाकूर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि चंद्रशेखर वेंकट रामन अशीं नांवें होतीं. गांधीजी स्वतः १९३५ सालीं मगनवाडींत येऊन राहिले व १९३६ च्या एप्रिलअखेर शेजारच्या सेगांवास गेले. त्या सेगांवाचेंच १९४० सालीं सेवाग्राम झालें.

सल्लागारांच्या मोठ्या नांवांमुळें संस्थेची शोभा वाढते. परंतु संस्था चालते ती रोज पहांटे उठून कामाला लागणाऱ्या माणसांमुळें. कुमारप्पा हे तंजावरच्या एका ख्रिस्ती कुटुंबांतले. लंडनला हिशेबतपासनिसाचें शिक्षण, मुंबईस त्याच धंद्यांत जम, पुढें अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्राचा अभ्यास, असा त्यांचा मार्ग होता. १९२९ सालीं गांधीजींची भेट झाली आणि गुजरातेंतील मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचें काम त्यांच्याकडे आलें. खेड्याविषयीं कळवळा असणारीं माणसें त्या काळीं पुष्कळ होतीं. खेड्याचा हिशेब मांडणारें माणूस विरळा होतें. मगनवाडीला कुमारप्पांकडून मिळालेली मुख्य देणगी हीच. एकादी वस्तु हातानें होते म्हणून ती चांगली, एवढ्यावर त्यांचें समाधान होत नसे. कच्चा माल किती लागला, किती वेळ गेला, करणाराच्या हातीं मजुरी किती पडली, आणि वस्तु गांवांतच खपली कीं लांब पाठवावी लागली, हे प्रश्न ते विचारीत. असे प्रश्न विचारणारा सोबती प्रत्येक धंद्याला हवा असतो आणि प्रत्येक धंदेवाल्याला तो आरंभीं नकोसा वाटतो.

मगनवाडींत एकाच आवारांत अनेक उद्योग मांडले गेले. तेलघाणी, हातकागद, मधमाशांचें पालन, साबण, हातसडीचे तांदूळ, जात्यावरचें पीठ असे ते उद्योग होते. यांतील प्रत्येक धंदा वेगळा, आणि तरीहि ते एकमेकांना लागून. घाणीवर निघालेलें तेल स्वयंपाकांत जाई, साबणाला लागे, आणि दिव्यांतहि जळे. पेंड बैलाच्या दावणींत पडे. रॉकेलऐवजीं खाद्य तेलावर चांगला उजेड देणारा ‘मगनदीप’ याच ठिकाणीं तयार झाला. पुढें १९४७ च्या सुमारास धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ येथूनच प्रसिद्ध झाली. दिवा करणाराला तेल करणारा शेजारीं असला म्हणजे कोणतें तेल काजळी धरतें हें विचारण्यास परगांवीं पत्र घालावें लागत नाहीं. चूल करणाराला स्वयंपाकघर शेजारीं असलें म्हणजे धूर डोळ्यांत जातो कीं धुराड्यांत, याचा निकाल त्याच सकाळीं लागतो.

तेलघाणीचें काम झवेरभाई पटेल यांनीं हातीं घेतलें. गिरणीच्या तेलापुढें तेल्याचा घाणा मागें पडत चालला होता. एका खेपेस घाण्यांत दाणे थोडे मावत, बैलाला ओझें फार होई, तेल पुरतें निघत नसे, आणि राबणारीं माणसें अधिक लागत. निरनिराळ्या प्रांतांत घाण्याची घडण निरनिराळी होती. कोठें उखळ दगडाचें, कोठें लांकडाचें. कोठें पाणी घालून तेल काढीत, कोठें कोरडें. एका प्रांताच्या तेल्याला दुसऱ्या प्रांतांतला घाणा पाहण्याचा प्रसंगच येत नसे. झवेरभाईंनीं ठिकठिकाणचे घाणे अभ्यासिले, त्यांतील गुण एकत्र केले आणि सुधारलेली मगनवाडी घाणी सिद्ध केली. तिच्यावर पुस्तक लिहून मोजमापांसह तें संघातर्फे छापलें. याच कामाच्या परंपरेंतली ‘वर्धा घाणी’ पुढें देशभर माहीत झाली. घरांत दडलेली विद्या उघड्यावर मांडली तर आपला धंदा दुसरा नेईल, ही कारागिराची भीति खोटी नव्हती. परंतु तेल्याचा खरा प्रतिस्पर्धी शेजारच्या गांवचा तेली नव्हता, गिरणी होती. शेजाऱ्यापासून गुपित राखून दोघेहि गिरणीपुढें हरत होते.

कागदाची कथा याहून बोधप्रद आहे. जुन्नरचे आणि दौलताबादेजवळील कागजीपुऱ्याचे कागदी एके काळीं दप्तरांना कागद पुरवीत. यंत्राच्या कागदापुढें हा धंदा बसत गेला. चिंध्या व रद्दी भिजवावयाची, चुन्यांत किंवा खारांत शिजवावयाची, कुटून लगदा करावयाचा, हौदांतून छापरीवर तो उचलावयाचा, थर दाबून पाणी काढावयाचें, वाळवावयाचें, खळ लावावयाची आणि घोटावयाचें, अशा या धंद्याच्या पायऱ्या. यांतील एकहि पायरी चुकली तर शाई पसरते किंवा कागद कुरकुरतो. रसायनशास्त्र जाणणारे के. बी. जोशी यांनीं या कामांत लक्ष घातलें. लगदा शिजविण्यांत व खळींत कोठें काय बिघडतें याचा त्यांनीं शास्त्रीय विचार केला आणि हातकागदावर संघासाठीं पुस्तक लिहिलें. जुन्या कागद्याच्या हाताला नव्या रसायनशास्त्राची जोड मिळाली ती अशी. पुढें जोशी यांनीं पुण्यास हातकागदाची संस्था उभी केली. १९४० सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें ती उघडण्यांत आली. मगनवाडींत तयार होणारा कागद संघाच्या स्वतःच्या कामांतहि वापरला जाई. नव्या उद्योगाचें पहिलें गिऱ्हाईक बहुधा त्याचा उद्योगबंधुच असतो, ही गोष्ट येथें ध्यानांत घेण्यासारखी आहे. तो माल घेतो, दोष सांगतो आणि पुढच्या खेपेस पुन्हां घेतो. बाजारांतील गिऱ्हाईक दोष न सांगतांच दुसऱ्या दुकानीं जातें.

मगनवाडी एकटीहि नव्हती. पांच-सहा मैलांच्या टापूंत तिचे शेजारी कामाला लागले होते. विनोबा भावे १९२१ सालीं जमनालालजींच्या आग्रहावरून वर्ध्यास आले होते. १९३२ च्या अखेरीस ते नालवाडीस राहूं लागले आणि कातण्याच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनीं स्वतःवर केला. १९३४ सालीं ग्रामसेवा मंडळ निघालें. नालवाडीस गोपाळराव वाळुंजकर यांनीं चर्मालय चालविलें. तेथें मेलेल्या जनावरांचेंच कातडें कमावीत. जें काम समाजानें गांवाबाहेर लोटलें होतें तें शास्त्र म्हणून शिकण्यास निरनिराळ्या जातींचे तरुण तेथें हात घालूं लागले, ही घटना चामड्याच्या व्यापाराहून मोठी होती. सेगांवच्या आसपास शिंदीचीं झाडें होतीं. त्यांचा रस ताडीसाठींच निघे. गजानन नाईक यांनीं त्या रसाचा गूळ करण्याचें काम तेथें केलें, आणि पुढें ताडगुळाच्या धंद्याचे ते देशांतले जाणकार ठरले. अशा रीतीनें कातणारा, कमावणारा, गूळ करणारा, कागद करणारा आणि घाणी चालविणारा हीं माणसें संध्याकाळीं चालत जाऊन भेटूं शकतील इतकीं जवळ होतीं. एका छोट्या जिल्ह्याच्या गांवीं इतक्या निरनिराळ्या धंद्यांचे आरंभक एकत्र येण्याचा योग विरळाच म्हणावा लागेल.

या जवळिकीचें मोल दुसऱ्या एका गोष्टीशीं ताडून पाहिलें म्हणजे नीट उमगतें. १९२९ सालीं चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. यंत्र खेड्यांतल्या झोपडींत सहज चालावें, देशांतच तयार व्हावें, त्याची किंमत १५० रुपयांच्या आंत असावी, अशा त्याच्या अटी होत्या. एक लाख ही त्या काळीं डोळे दिपविणारी रक्कम होती. किर्लोस्करवाडीसारख्या यंत्रविद्येंत मुरलेल्या ठिकाणींहि त्यासाठीं खटपट झाली. तथापि सर्व अटींस उतरणारें यंत्र कोणाच्याहि हातून झालें नाहीं आणि बक्षीस तसेंच राहिलें. बक्षिसाच्या आशेनें जो तो आपापल्या कोठडींत एकटा खपत होता. एकाची चूक दुसऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता, म्हणून तीच चूक ठिकठिकाणीं नव्यानें होत होती. उलट येरवड्याच्या तुरुंगांत १९३० सालीं घडत गेलेला पेटी चरखा किंवा प्रभुदास गांधी यांचा पायानें चालणारा मगन चरखा यांना लाखाचें आमिष नव्हतें. रोज कातणाऱ्यांच्या तक्रारी ऐकत ऐकत ते सुधारत गेले. बक्षीस बुद्धीला डिवचतें, परंतु तिला रोजचें खाद्य संगतींतूनच मिळतें.

संगतीचें हें क्षेत्र वाढविण्यासाठीं संघानें दोन साधनें वापरलीं. एक ‘ग्रामोद्योग पत्रिका’ हें मासिक आणि दुसरें प्रदर्शन. १९३६ सालीं लखनौच्या काँग्रेसमध्यें, त्याच वर्षाच्या अखेरीस खानदेशांतील फैजपूर येथें खेड्यांत भरलेल्या पहिल्या काँग्रेसमध्यें, आणि १९३८ सालीं हरिपुऱ्यास ग्रामोद्योगांचीं प्रदर्शनें भरलीं. फैजपूर व हरिपुरा येथील सजावटींत नंदलाल बोस यांचा हात होता. चित्रकार आणि बांबू-चटईचें काम करणारा कारागीर एका मांडवांत आले. त्याच वर्षीं, ३० डिसेंबर १९३८ रोजीं, गांधीजींच्या हस्तें मगनवाडींत मगन संग्रहालय उघडण्यांत आलें. संग्रहालय म्हटलें म्हणजे मेलेल्या वस्तूंची खोली असा समज असतो. येथें उद्देश निराळा होता. परप्रांताचा कारागीर येईल, दुसऱ्या प्रांतांतलें हत्यार हातांत घेऊन पाहील, आणि घरीं जाऊन आपल्या हत्यारांत फरक करील, यासाठीं तें होतें.

या सहवासांत सर्व गोडीगुलाबी होती असें मात्र नव्हे. खादीच्या मजुरीचा वाद हें त्याचें उदाहरण. कातणाऱ्या बायांना दिवसभराच्या श्रमाचे मोजके पैसे मिळत. गांधीजींनीं असा आग्रह धरला कीं, आठ तासांच्या चांगल्या कामास आठ आणे पडावेत. खादी विकणाऱ्या कार्यकर्त्यांना धडकी भरली. मजुरी वाढली कीं खादीची किंमत वाढणार आणि खप घटणार. १९३५ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें चरखा संघानें निर्वाहापुरती मजुरी देण्याचें तत्त्व मान्य केलें; मात्र आठ आण्यांचा आंकडा गांठणें तेव्हां शक्य झालें नाहीं. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. विकणाराला दुकान वांचवावयाचें होतें, आणि दुकान कोणासाठीं आहे याची आठवण त्याला करून देणारें कोणी हवें होतें. दुकानदार एकटा असता तर त्यानें मजुरी न वाढवितां खप राखला असता आणि त्याला तोच व्यवहार वाटला असता. बरोबरीच्या लोकांच्या सभेंत त्याला आपल्या व्यवहाराचें समर्थन करावें लागलें. स्तुति करणारीं मंडळी धंदेवाल्याला पुष्कळ मिळतात; त्याच्याच धंद्यांत राहून त्याला जाब विचारणारीं थोडीं.

मगनवाडीच्या कामांतील उणीवहि सांगितली पाहिजे. हा सहवास मुख्यतः शिकलेल्या कार्यकर्त्यांचा होता. ज्यांच्या पोटावर घाव पडला होता तो तेली, तो चांभार, तो कागदी या मंडळांत बरोबरीनें फारसा बसला नाहीं. त्याचें कारण तिरस्कार नव्हतें, परिस्थिति होती. ज्याचें पोट एका बैलावर आहे तो घाणा बंद ठेवून चार महिने वर्ध्यास शिकावयास कसा येणार? आणि आला तरी पत्रिका वाचणार कोण? कार्यकर्त्याला प्रयोग फसला तर नवा धडा मिळे. तेल्याचा प्रयोग फसला तर त्याच्या घरीं चूल पेटत नसे. जोखीम सारखी नसेल तर बरोबरीहि पुरती होत नाहीं. नाशिकच्या श्रेणींत सारे विणकर होते, सारे धंद्यावर जगणारे होते. म्हणून ती श्रेणी टिकली आणि पतपेढी झाली. मगनवाडींत ज्ञान होतें, त्याग होता, हिशेब होता; परंतु त्या ज्ञानावर ज्यांनीं जगावयाचें त्यांची स्वतःची श्रेणी मात्र उभी राहिली नाहीं.

फेब्रुवारी १९४२ मध्यें जमनालालजी वारले. त्याच वर्षीं ऑगस्टचें आंदोलन पेटलें आणि कुमारप्पांना पुढें तुरुंगवास घडला. जबलपूरच्या तुरुंगांत त्यांनीं चिरंजीव अर्थव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ लिहिला. तो १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. माणूस बाहेर नसतांहि विचार बाहेर पडला, पण रोजचें काम माणसावांचून मंदावलें. १९४८ च्या मार्चमध्यें सेवाग्रामास रचनात्मक कार्यकर्त्यांचें संमेलन भरलें आणि पुढें ग्रामोद्योग संघ सर्व सेवा संघांत मिळून गेला. १९५३ सालीं सरकारी खादी-ग्रामोद्योग मंडळ आलें; १९५७ सालीं त्याच्या जागीं कायद्यानें खादी व ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला. अनुदान, कर्ज, प्रमाणपत्र आणि विक्रीवरील सूट यांची सोय झाली. तेलघाणी हजारों ठिकाणीं पोंचविण्यास सरकारचा लांब हात उपयोगी पडला, हें मान्य केलें पाहिजे. परंतु ज्या कारागिराला पूर्वीं अडचण घेऊन शेजाऱ्याकडे जावें लागे, तो आतां अर्ज घेऊन कचेरींत जाऊं लागला. शेजाऱ्याकडे गेलेली अडचण दोघांची होते. कचेरींत गेलेली अडचण फायलींत पडते. कुमारप्पांनीं शेवटचीं वर्षें दक्षिणेंत काढलीं आणि ३० जानेवारी १९६० रोजीं ते मदुरेस वारले.

इंग्लंडांतहि असाच एक प्रयोग झाला होता. ॲशबी नांवाच्या शिल्पज्ञानें १८८८ सालीं लंडनच्या पूर्व भागांत हस्तकारागिरांचा एक संघ काढला. सोनार, सुतार, लोहार, पुस्तकबांधणी करणारे, असे त्यांत होते. १९०२ सालीं सारीं बिऱ्हाडें उचलून तो संघ चिपिंग कँपडन या खेड्यांत गेला. काम उत्तम होई, संध्याकाळीं गाणें-नाटक चाले, गांवाला नवें चैतन्य आलें. हिंदी कलेचे थोर मीमांसक आनंद कुमारस्वामी हे १९०७ च्या सुमारास त्या शेजारांतच राहावयास आले. परंतु लंडनचा बाजार दूर पडला. त्याच घाटाच्या वस्तु कारखानदार यंत्रावर स्वस्तांत करूं लागले. आणि १९०८ च्या सुमारास संघाला आपला कारभार गुंडाळावा लागला. कुमारप्पांचा जो आग्रह असे कीं खेड्यांतली वस्तु आधीं त्याच पंचक्रोशींत खपावी, त्याचें शहाणपण या उदाहरणानें पटतें. कारागिरांचा सहवास कितीहि गोड असला तरी त्याच्या वेशीशीं बाजार नसेल तर तो सहवास उपाशीं मरतो.

याच्या उलट तळेगांवचें उदाहरण घ्यावें. अंताजी दामोदर काळे यांनीं घरोघर हिंडून जमविलेल्या पैसा फंडांतून १९०८ सालीं तेथें कांचेचा कारखाना निघाला. कारखाना म्हणून त्यानें फार नफा कमावला असें कोणी म्हणत नाहीं. पण तेथें कांच फुंकावयास शिकलेले लोक ठिकठिकाणच्या कांच कारखान्यांत पसरले. एका भट्टीभोंवतीं जमलेल्या शिकाऊ मंडळींतून एक सारा धंदा उगवला. भट्टी तळेगांवांत राहिली, तिच्यावरील विद्या बाहेर गेली.

मगनवाडीचाहि हिशेब याच मापानें केला पाहिजे. तेथील उत्पादनाचे आंकडे गिरण्यांपुढें क्षुल्लक होते. परंतु पुण्याची हातकागद संस्था, देशभर गेलेली वर्धा घाणी, ताडगुळाचा धंदा, निर्धूर चुलीची कल्पना, यांच्या मुळाशीं मगनवाडीच्या पंचक्रोशींत लाभलेला तो शेजार आहे. वर्ध्याची माती अजून त्या शेजाराला विसरलेली नाहीं. देवेंद्रकुमार यांनीं १९७६ सालीं वर्धा येथें ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलें. खेड्यांतलें घर, चूल, कागद, कुंभारकाम यांवर तेथें काम झालें. मगनवाडीच्या आवारांत ग्रामीण औद्योगिकीकरणाची महात्मा गांधींच्या नांवाची राष्ट्रीय संस्था आहे. मगन संग्रहालयहि उभें आहे आणि खादीला नैसर्गिक रंग देण्याच्या कामासाठीं तें ओळखलें जातें.

या साऱ्या इतिहासावरून नव्या धंद्याला निघालेल्या तरुणानें आणि त्याच्या घरच्यांनीं तीन गोष्टी ध्यानीं धराव्यात. पहिली, आपल्यासारखेंच काम करणारीं चार माणसें चालत जाण्याच्या अंतरावर शोधावींत; तीं प्रतिस्पर्धी असलीं तरी चालेल. दुसरी, त्यांच्यासमोर वही उघडून बसण्याची लाज वाटूं देऊं नये. जो सोबती हिशेब पाहत नाहीं तो फार तर करमणुकीचा सोबती. तिसरी, ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांना बाहेर ठेवून केलेला सहवास फार दिवस टिकत नाहीं. मगनवाडीनें पहिल्या दोन गोष्टी करून दाखविल्या. तिसरी तिच्या हातून अपुरी राहिली. तेल्याला, कागद्याला, विणकराला बरोबरीची जागा असलेली श्रेणी आपल्या काळांत पुन्हां उभी करणें हें काम अजून शिल्लक आहे, आणि तें कोणत्याहि कचेरीच्या हुकुमानें होण्यासारखें नाहीं. तें एका कारागिरानें दुसऱ्याच्या दारांत जाऊन बसण्यापासूनच सुरू होईल.